ऑटोक्रॉस आणि रोजचा रस्ता: टायर एकच घ्यावेत की दोन संच ठेवावेत?

शंकूपाडू (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे टोयोटाची जीआर ८६ ही १८ इंची चाकांची गाडी आहे आणि तिच्यासोबत आलेले मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ हे २१५/४० आर १८ मापाचे टायर आता संपत आले आहेत. याच गाडीने मी रोज कामावर जातो आणि उन्हाळ्यात एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) स्थानिक शाखेच्या ऑटोक्रॉस स्पर्धांमध्येही तीच घेऊन उतरतो. ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टेडियमच्या रिकाम्या वाहनतळावर किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडून वळणांचा मार्ग आखतात, गाड्या एकेक करून सोडतात आणि शर्यत फक्त घड्याळाशी असते. एक फेरी साधारण मिनिटभराची असते आणि पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे वेळेत दोन सेकंदांची भर पडते. माझे टोपणनाव तिथूनच आले आहे.

मी ज्या स्ट्रीट गटात भाग घेतो, त्यात टायरचा ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती सावकाश झिजतो ते सांगणारा, त्याच्यावर छापलेला आकडा २०० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. गटातील पहिल्या काही क्रमांकांच्या गाड्यांवर बहुधा ब्रिजस्टोनचे आरई-७१आरएस किंवा योकोहामाचे ए०५२ दिसतात. हेच टायर लावून रोज कामावरही जावे, की रस्त्यासाठी एक आणि स्पर्धेसाठी एक असे दोन संच ठेवावेत, हा माझा प्रश्न आहे. बर्फासाठी हिवाळी टायरांचा संच माझ्याकडे आहेच. त्यामुळे जानेवारीची चिंता नाही, चिंता आहे ती एप्रिल आणि नोव्हेंबरची.

डेट्रॉइटकर

चांगला विषय काढलात. माझी गाडी माझदा मिआटा आहे, पण गणित तेच असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ऑटोक्रॉससाठी लागणारा टायर आणि ट्रॅकवर वीस-पंचवीस मिनिटे सलग पळवण्यासाठी लागणारा टायर, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुकानात मात्र त्या एकाच फळीवर असतात. ऑटोक्रॉसमध्ये टायरला तापायला वेळच मिळत नाही. गाडी रांगेत उभी असते, मग मिनिटभर जीव तोडून पळते आणि पुन्हा पाच-दहा मिनिटे उभी राहते. म्हणून येथे पहिल्याच वळणाला पकड देणारा टायर जिंकतो. हानकूकचा आरएस४ हे याचे उलट उदाहरण आहे. तो टिकाऊ आहे, उष्णता सोसतो आणि हौशी मंडळींच्या तासन् तास चालणाऱ्या एन्ड्युरन्स शर्यतींमध्ये म्हणूनच लोकप्रिय आहे. पण ऑटोक्रॉसच्या थंड सकाळी तो तापून पकड देईपर्यंत तुमची फेरी संपलेली असते. ए०५२ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तो लगेच पकडतो, परंतु एकाच गाडीत दोन चालक आलटून पालटून उतरत असतील आणि दुपारचे ऊन असेल, तर तो इतका तापतो की त्याची धार जाते. मग दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात बागेत फवारणीसाठी वापरतात तो हातपंप घेऊन टायरवर पाणी मारणारी माणसे रांगेत दिसू लागतात. आरई-७१आरएस या दोघांच्या मधला आहे, तो ए०५२ च्या बाजूला अधिक झुकतो. तुम्ही एकटेच गाडी चालवणार असाल तर त्याला पाणी मारण्याची वेळ क्वचितच येईल.

ट्रेडवेअरचा आकडा २०० असलेले हे सगळे टायर कायद्याने रस्त्यावर चालतात, पण म्हणून ते रस्त्यासाठी केलेले आहेत असे समजू नये. त्यांचे रबर मऊ आणि चिकट असते. गरम टायर घेऊन वाहनतळातून बाहेर पडलात की रस्त्यावरची बारीक खडी उचलली जाते आणि चाकाच्या कमानीत ती ताडताड आपटत राहते. हा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते की गाडीखाली काहीतरी सुटले आहे. ते असो, आवाजाची सवय होते. पण थंडीत काय होते ते महत्त्वाचे आहे. उन्हाळी टायरांचे रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली घट्ट होऊ लागते आणि पकड झपाट्याने कमी होते. शून्याच्या खाली असे टायर गाडीच्या भाराखाली नुसते फिरवले तरी ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या पट्ट्याला भेगा पडू शकतात, अशी सूचना उत्पादक स्वतः देतात, आणि अशा भेगा सहसा वॉरंटीत बसत नाहीत. नोव्हेंबरमधल्या पहाटे तुमच्याकडे तापमान ७ अंशांच्या खाली जाते आणि नेमके तेव्हाच तुम्ही कामावर निघालेले असता.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. रोजच्या रस्त्यावर जो टायर चालवायचा, तो त्याच्या सर्वांत वाईट दिवसावरून पारखावा, सर्वांत चांगल्या फेरीवरून नव्हे. पहाटेचा थंड रस्ता, महामार्गावर साचलेले पाणी आणि अचानक लावावा लागलेला ब्रेक या तिन्ही गोष्टी जो निभावेल तो रस्त्याचा टायर. उरलेली हौस दुसऱ्या संचावर भागवावी. रस्त्यासाठी मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस, ज्याचा ट्रेडवेअर ३०० आहे, किंवा काँटिनेंटलचा एक्स्ट्रीमकाँटॅक्ट स्पोर्ट ०२, ज्याचा ३४० आहे, या जातीचे टायर पुरेसे आहेत. तेही उन्हाळीच आहेत, त्यामुळे थंडीची मर्यादा त्यांनाही लागू होते. मात्र पावसात ते कितीतरी अधिक भरवशाचे असतात आणि झिजतातही सावकाश.

तळटीप (पुणे)

वाचनखूण साठवली आहे. एक शंका आहे. ट्रेडवेअर ३०० चा टायर २०० च्या टायरपेक्षा दीडपट टिकतो, असा हिशेब करता येतो का?

रबरी शिक्का (टेक्सास)

तळटीप, तसा हिशेब सरळ करता येत नाही आणि त्याचे कारण ही संख्या ठरते कशी यातच आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमांनुसार टायरवर तीन गोष्टींचे मानांकन छापलेले असते: झीज, ओल्या रस्त्यावरची ब्रेकची पकड आणि उष्णता सोसण्याची क्षमता. झिजेच्या चाचणीसाठी आमच्या टेक्सासमधील सॅन अँजेलो या गावाजवळ सार्वजनिक रस्त्यांवर आखलेला सुमारे ४०० मैलांचा मार्ग आहे. त्यावर गाड्यांचा ताफा एकूण ७,२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर चालवतात आणि त्याच ताफ्यातील ठरावीक नमुना-टायरशी झिजेची तुलना करतात. नमुन्याला १०० धरले जाते. अखेरचा आकडा मात्र सरकार देत नाही, तर उत्पादक स्वतःच्या निष्कर्षावरून छापतो. प्रत्यक्षात मिळालेल्या आकड्यापेक्षा कमी आकडा छापायला त्याला कोणी अडवत नाही.

याचा परिणाम असा की, एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना त्या आकड्यांवरून ढोबळपणे करता येते, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरांची तुलना करताना फारसा विश्वास ठेवू नये. आरएस४ आणि ए०५२ या दोघांवरही २०० च छापलेले आहे. पण ज्याने दोन्ही वापरले आहेत, त्याला यातला कोणता आधी गुळगुळीत होतो हे विचारावे लागत नाही. स्पर्धेच्या नियमात २०० ही सीमा आल्यापासून कंपन्यांनी त्या सीमेवर अगदी बरोबर बसणारे टायर काढले, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक असावे, कारण स्ट्रीट गटात केवळ हा आकडा पुरत नाही, तर नव्या टायरच्या खाचेची खोली किमान ७/३२ इंच, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर असावी अशीही अट आहे.

आणखी एक गोष्ट. टायरवर दिसणारे 'एए' किंवा 'ए' हे पकडीचे मानांकन ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेले असते. वळणावरच्या पकडीचा त्यात काहीही संबंध नाही. दुकानदार ते दाखवून वळणांबद्दल बोलू लागला तर मान डोलवावी आणि पुढे जावे.

जुना मास्तर (न्यू जर्सी)

मी येथील नवोदितांना शिकवायला त्यांच्या शेजारच्या आसनावर बसतो, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. शंकूपाडू, आपण अजून शंकू पाडत असाल, तर आपल्याला टायरांची नव्हे, फेऱ्यांची गरज आहे. सकाळी मार्ग पायी चालून नीट पाहणे, वळणात शिरण्याआधीच नजर पुढच्या शंकूवर नेणे आणि ब्रेक सोडता सोडता स्टिअरिंग वळवणे या गोष्टी जमल्या की जेवढे सेकंद कमी होतात, तेवढे कोणताही टायर कमी करून देत नाही. शिवाय पायलट स्पोर्टसारखा टायर मर्यादेजवळ आला की आधी कुरकुरतो, मग किंचाळतो आणि मग हळूहळू घसरतो. चालकाला तो वेळेवर सांगतो. अतिचिकट टायर चुका झाकून ठेवतो, आणि झाकलेली चूक सुधारली जात नाही. माझा सल्ला असा की, या हंगामात एकच चांगला रस्त्याचा टायर घ्यावा, त्याच्यावरच स्पर्धा करावी आणि उरलेल्या पैशांतून प्रवेशशुल्क भरावे.

डेट्रॉइटकर

मास्तरांशी मी अर्धा सहमत आहे. नवशिक्याने पहिल्याच वर्षी ए०५२ घेऊ नये, हे खरे. पण 'एकच टायर' हा सल्ला वाटतो तेवढा स्वस्त नाही. जीआर ८६ च्या पुढच्या चाकांना कारखान्यातून फारच थोडा ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणे) मिळतो, त्यामुळे ऑटोक्रॉसमध्ये पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा घासला जातो. रस्त्याच्या टायरवर हंगामभर स्पर्धा केली, तर मधला ट्रेड शाबूत आणि बाहेरची कड साफ, अशी अवस्था होते आणि पैसे पूर्ण टायरचे जातात. ज्यांच्याकडे बारमाही टायर आहेत त्यांची गत आणखी वाईट होते. त्या टायरच्या ट्रेडचे रबरी ठोकळे उंच आणि बारीक काप असलेले असतात. तापले की ते वाकतात आणि त्यांचे तुकडे निघतात.

शिवाय नवोदितांच्या गटात बहुतेक ठिकाणी पॅक्स निर्देशांकाने निकाल लावतात, म्हणजे गाडीच्या गटाला ठरवून दिलेल्या गुणकाने वेळेला गुणतात. तो गुणक त्या गटातील उत्तम तयारीच्या गाड्यांच्या वेळांवरून काढलेला असतो, आणि उत्तम तयारीत टायरही आले. म्हणजे साध्या टायरवर उतरणारा माणूस कागदावर आधीच मागे असतो. शिकताना याने फरक पडू नये हे मान्य, पण माणूस शेवटी निकालपत्रक पाहतोच.

जुना मास्तर (न्यू जर्सी)

निकालपत्रक पाहू नये असे मी कधीच म्हटले नाही. ते पाहून खरेदीला निघू नये, एवढेच म्हणणे आहे. खांदा घासण्याबद्दल आपले म्हणणे रास्त आहे, परंतु नवोदितांच्या बाबतीत त्यातील निम्मा दोष कॅम्बरचा नसून वळणात गरजेपेक्षा जास्त वेगाने शिरून स्टिअरिंग आणखी पिळण्याच्या सवयीचा असतो. पुढची चाके घसरू लागली की हात अधिक वळतात आणि टायर कडेवर घासत राहतो. ही सवय सुटली की तेच टायर आश्चर्य वाटावे इतके टिकतात.

सिअ‍ॅटलचा पाऊस

वर पावसाचा उल्लेख ओझरता आला आहे, म्हणून त्यात भर घालतो. आमच्याकडे ऑटोक्रॉस पावसातही होते आणि तेथे एक गंमत दिसते. नवे ए०५२ ओल्या डांबरावर उत्तम पकडतात, कारण रबर मऊ असते. त्यामुळे लोकांचा समज होतो की हा टायर पावसाळी आहे. पण ओला रस्ता आणि साचलेले पाणी यांत फरक आहे. साचलेले पाणी बाजूला सारण्याचे काम रबर करत नाही, खाचा करतात, आणि या टायरांना खाचा मुळात कमी आणि उथळ असतात. हंगाम अर्ध्यावर येईपर्यंत त्या आणखी उथळ होतात. मग ऑटोक्रॉसच्या ताशी ६०-७० किलोमीटरच्या वेगाला जो टायर व्यवस्थित वाटतो, तोच महामार्गावर ताशी १०० किलोमीटरला पाण्यावर तरंगू लागतो. टायर जितका रुंद तितके हे लवकर होते. कायद्याची किमान मर्यादा २/३२ इंच, म्हणजे १.६ मिलिमीटर आहे, परंतु पावसात महामार्गावर जाणाऱ्याने त्या मर्यादेची वाट पाहू नये. मी स्वतः ४/३२ इंचाच्या आसपास असे टायर रस्त्यावरून काढून केवळ स्पर्धेसाठी ठेवतो. तेथे उरलेला ट्रेड वाया जात नाही. उलट ठोकळे ठेंगणे झाल्यामुळे कोरड्यात प्रतिसाद अधिक धारदार होतो.

ताम्हिणी (पुणे)

अमेरिकेतील चर्चा वाचून हेवा वाटला. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, पण येथे वाचणाऱ्यांत भारतातील मंडळीही असतील म्हणून लिहितो.

आपल्याकडे एफएमएससीआय या मोटार-क्रीडा महासंघाच्या मान्यतेने होणारे बरेचसे ऑटोक्रॉस मातीच्या किंवा मुरुमाच्या मैदानावर होते. तेथे वर सांगितलेला एकही टायर कामाचा नाही. गोलाकार वळणात मऊ रबरापेक्षा ठोकळ्यांची कड माती चावते, आणि दगडाने साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) फाटू नये म्हणून ती उंच व जाड असलेली बरी. हौशी माणसाने मातीसाठी गाडी मूळच्या १५ किंवा १६ इंची रिमवरच ठेवावी. मोठी रिम आणि पातळ टायर घेऊन मुरुमात उतरणाऱ्याची रिम वाकते, नाहीतर टायरला फुगा येतो. हाच अनुभव शहरातल्या खड्ड्यांतही मिळतो, त्याला स्पर्धेची गरज नाही.

डांबरी मार्गावरील स्पर्धांसाठी अडचण उपलब्धतेची आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे आणि जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरांची आयात 'मुक्त' यादीतून 'निर्बंधित' यादीत टाकली. त्यामुळे आरई-७१आरएससारखा मर्यादित खपाचा टायर येथे सहज मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नये. १७ इंच आणि त्यापुढच्या मापांत पायलट स्पोर्ट ४ सारखे टायर पाहायला मिळतात. पोलो, स्विफ्ट, आय२० या वर्गातील गाड्यांच्या मापांत मात्र बहुतांश निवड आरामदायी टायरांमधूनच करावी लागते. अशा वेळी ताज्या बनावटीचा टायर, योग्य हवा आणि चांगले अलाइनमेंट यांतूनच जे मिळेल ते घ्यावे.

थंडीचा प्रश्न आपल्याला जवळजवळ नाही, पावसाचा मात्र चार महिने आहे. सह्याद्रीतील कोणत्याही घाटात जुलैमध्ये रस्त्यावरून पाण्याचे पाट वाहत असतात आणि वळणाच्या आतल्या बाजूला दरडीची माती आलेली असते. तेथे ट्रेडची खोली हीच खरी कामगिरी. मे महिन्यात स्पर्धेसाठी घासून गुळगुळीत केलेले टायर जूनमध्ये घाटात नेऊ नयेत.

अवांतर: चेन्नईच्या एमआरएफच्या टायरांवर धावणाऱ्या चमूने २०२२ मध्ये एफ्रेन यारेना याच्या हाती युरोपीय रॅली अजिंक्यपद मिळवले. तिकडच्या डोंगररस्त्यांवर चालणारे डांबरी रॅलीचे रबर बनवणारी कंपनी आपल्या देशात आहे; त्याचा चुलतभाऊ शोभेल असा १५ इंची टायर हौशी चालकाला दुकानात का मिळू नये, हा प्रश्न मला नेहमी पडतो. खप नाही, हे त्याचे उत्तर असणार हेही ठाऊक आहे.

शंकूपाडू (न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. मास्तर, शंकूंबद्दलचा टोमणा मान्य आहे. दोन संचांकडे माझा कल झुकतो आहे. आता दोन शंका उरतात. दुसरा संच १८ इंचावर घ्यावा की १७ वर? आणि ऑटोक्रॉसच्या दिवशी हवा किती ठेवावी? दाराच्या चौकटीवरील आकडा तेथे चालतो का?

डेट्रॉइटकर

१७ इंच घ्या. स्ट्रीट गटात रिमचा व्यास मूळच्यापेक्षा एक इंच कमी-अधिक चालतो. रुंदी मात्र मूळचीच हवी आणि ऑफसेटही (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते) नियमात दिलेल्या थोड्या फरकाच्या आतच हवा. तुमच्याच गाडीच्या मूळ आवृत्तीची १७ इंची चाके साडेसात इंच रुंद आहेत आणि तुमची १८ इंची चाकेही तेवढीच रुंद आहेत. म्हणजे कोणी चाके बदलून विकायला काढलेली असतील, तर ती वापरलेली चाके नियमात बसतात आणि स्वस्त पडतात. १७ इंची टायरही सहसा स्वस्त असतात.

मापाबद्दल २२५/४५ आर १७ सुचवतो. साडेसात इंची रिम या मापाच्या मान्य पल्ल्यात बसते. काही जण याच रिमवर २४५/४० आर १७ चढवतात, परंतु त्या मापासाठी साधारणपणे किमान आठ इंची रिम सांगितलेली असते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की साइडवॉल आत ओढली जाते आणि वळणात ट्रेडखाली दुमडते. स्पर्धा जिंकण्यासाठी तसे करणारे आहेत. घरी परतताना त्याच टायरवर महामार्गाने जाणाऱ्याने करू नये. २२५/४५ आर १७ चा एकूण व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर येतो आणि तुमच्या सध्याच्या टायरचा ६२९, त्यामुळे वेगमापकात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. भारांक, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, मूळ टायरच्या भारांकापेक्षा कमी नसावा, एवढे पाहावे. मूळ २१५/४० आर १८ चा भारांक ८५, म्हणजे एका टायरमागे ५१५ किलो असतो.

चाके नेण्याचीही सोय आहे. मागचे आसन पाडले की या गाडीत चारही चाके मावतात, हा तिच्या रचनेचाच भाग आहे. जॅक, टॉर्क पाना आणि हवेचा छोटा पंप सोबत ठेवावा, आणि नट हाताच्या अंदाजाने न आवळता पुस्तिकेतील टॉर्कने आवळावेत. तपासणीच्या रांगेत सर्वांत आधी नटच हलवून पाहतात.

रबरी शिक्का (टेक्सास)

हवेबद्दल मी लिहितो. चौकटीवरील आकडा भरलेल्या गाडीसाठी, आरामासाठी आणि रोजच्या रस्त्यासाठी आहे. सुरुवात मात्र तिथूनच करावी. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलण्यापेक्षा खडूची पद्धत वापरावी. बहुतेक टायरांच्या खांद्यावर, ट्रेड आणि साइडवॉल जेथे भेटतात तेथे, बारीक त्रिकोण किंवा कंपनीचे छोटे चिन्ह असते. त्या जागी ट्रेडच्या कडेपासून साइडवॉलवर दोन बोटे खालपर्यंत जाडसर खडूची रेघ ओढावी. अशा रेघा प्रत्येक टायरवर निदान तीन ठिकाणी काढाव्यात. फेरी संपवून रांगेत परत आलात की वाकून पाहावे. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर आहे. त्याच्याही खाली पुसला असेल तर टायर दुमडतो आहे, दोन पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) वाढवावी. त्रिकोणापर्यंत पोहोचलाच नसेल तर टायर फुगलेला आहे आणि कडेची पकड वाया जाते आहे, थोडी हवा सोडावी. पुढच्या आणि मागच्या टायरांचे निकाल वेगळे येतील, तसे ते यावेतही.

तापमानाचा हिशेब असा की, साधारण साडेपाच अंश सेल्सियसमागे दाब एक पीएसआयने बदलतो. सकाळी आठला लावलेली हवा दुपारी दोनला तशीच असेल असे गृहीत धरू नये; ऊन पडलेल्या बाजूचे टायर नुसते उभ्या उभ्या वाढतात. प्रत्येक फेरीनंतर मोजून वाढलेली हवा सोडावी आणि आकडे वहीत टिपून ठेवावेत. मात्र दिवसभर सोडत आणलेली हवा घरी निघण्यापूर्वी पुन्हा भरायला विसरू नये, कारण टायर रात्री थंड झाले की तोच दाब आणखी खाली येतो. एकाच संचावर स्पर्धा आणि प्रवास दोन्ही करणाऱ्यांकडून हे फार राहून जाते.

जुना मास्तर (न्यू जर्सी)

खडूऐवजी पांढरे बूटपॉलिशही चालते आणि ते पावसात टिकते. शंकूपाडू, दुसरा संच घेणारच असाल, तर पहिल्या वर्षी आरई-७१आरएसऐवजी फॉल्कनच्या आरटी६६० चा विचार करावा. तो मर्यादेजवळ थोडे अधिक बोलतो आणि खिशालाही बरा पडतो. हे माझे मत आहे. यावर येथे वाद होईल याची कल्पना आहे.

डेट्रॉइटकर

वाद होणार नाही. पहिल्या वर्षासाठी आरटी६६० ला माझाही पाठिंबा आहे.

शंकूपाडू (न्यू जर्सी)

तर मग ठरले. रस्त्यासाठी १८ इंचावर एक्स्ट्रीमकाँटॅक्ट स्पोर्ट ०२ आणि स्पर्धेसाठी वापरलेल्या १७ इंची चाकांवर आरटी६६०. शेवटची शंका: हंगाम ऑक्टोबरमध्ये संपला की स्पर्धेचा संच कोठे ठेवावा? माझे गॅरेज घराला जोडलेले नाही आणि तेथे हीटर नाही.

सिअ‍ॅटलचा पाऊस

मग तळघरात ठेवा. टायर स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करावेत, एकेक काळ्या पिशवीत घालून हवा काढून टाकावी आणि पिशवीचे तोंड बंद करावे. रिमवर असल्यामुळे एकावर एक आडवे रचले तरी चालतात. फर्नेस, फ्रीज किंवा मोटार चालणाऱ्या यंत्रांपासून ते दूर असावेत, कारण त्यांतून निघणारा ओझोन रबराला तडे पाडतो. काही कारणाने ते थंड गॅरेजमध्येच राहिले, तर शून्याखाली असताना त्यांना हलवू, आपटू किंवा गाडीला लावू नये. आधी घरात आणून दिवसभर ऊबेत ठेवावे आणि मगच हात लावावा.

खरेदी करताना साइडवॉलवरील डॉट (अमेरिकेचे परिवहन खाते) क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहून घ्या. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे १४२५ असेल तर २०२५ सालचा चौदावा आठवडा. हंगामाच्या शेवटी सवलतीत मिळणारा साठा कधी कधी दोन-तीन वर्षे पडून राहिलेला असतो. रस्त्याच्या टायरला त्याने फारसे बिघडत नाही, पण ज्या टायरचे सगळे पैसे मऊ रबरासाठी मोजायचे, तो शिळा घेऊ नये.